सोड्याच्या टाकीतली गळती

‘गॅस संपला’ हे दोन शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी ऐकू येतात. एक स्वयंपाकघरात आणि दुसरे सोड्याच्या दुकानात. स्वयंपाकघरातल्या गॅसविषयी सूचना, फलक, पत्रके यांची वाण नाही. सोड्याच्या गॅसविषयी मात्र आपण काहीच वाचत नाही. तो जळत नाही, त्याला वास नाही, स्फोटाची भीती कोणी घालत नाही. तेव्हा तो गळला काय आणि राहिला काय, अशी आपली समजूत असते. ही समजूत दुकानदाराच्या खिशाला महाग पडते, आणि क्वचित जिवालाही. म्हणून या लहानशा विषयावर जरा विस्ताराने लिहावे असे मनात आले.

मी मूळचा आदिलाबादचा. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलणारी माणसे पूर्वीसारखीच आहेत. माझ्या थोरल्या मामांचे तिथल्या बाजारात सोडा-लेमनचे दुकान. ज्या बाटलीला आपण गोटी सोडा म्हणतो तिला तिकडे मराठी आणि तेलुगू दोघेही ‘गोली सोडा’ म्हणतात. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रही तेच म्हणतात हे येथे आल्यावर कळले, आणि का कोण जाणे, फार बरे वाटले.

लेखाला निमित्त मात्र वेगळेच घडले. माझा एक जुना विद्यार्थी हल्ली परदेशी असतो. तिकडे हौशी लोक घरीच बिअर तयार करून पोलादी पिंपात भरतात, ते पिंप फ्रिजमध्ये ठेवतात आणि शेजारच्या लहान टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळातून पेला भरून घेतात. ‘सर, माझी टाकी पंधरा दिवसांत रिकामी होते, वायू जातो कोठे?’ असे त्याने विचारले. त्याने पाठविलेली चित्रे पाहिली आणि मला हसू आले. टाकी, तिच्यावरचा रेग्युलेटर, दोन घड्याळे, नळी, क्लिपा, रबरी कडी: मामांच्या दुकानातलेच सगळे सामान, फक्त चकचकीत. त्याचे बिअरचे पिंपसुद्धा मुळात शीतपेयांच्या कंपन्यांसाठी बनविलेले; कंपन्यांनी ते वापरातून काढल्यावर हौशी लोकांनी उचलले. आणि याची परतफेडही इतिहासात आधीच झालेली आहे. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली लीड्स येथे पाण्यात हा वायू प्रथम मुरविला, तो शेजारच्या बिअरच्या भट्टीतील हौदावर साचलेला वायू वापरूनच. तेव्हा सोडा आणि बिअर ही भावंडेच. त्या विद्यार्थ्याला जे कळविले तेच येथे मांडतो; फक्त उदाहरणे आदिलाबादची घेतो, कारण ती मला जवळून माहीत आहेत.

आरंभ टाकीपासून करू. टाकीत वायू असतो असे आपण म्हणतो, पण भरलेल्या टाकीचा बराचसा भाग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने व्यापलेला असतो. वर थोडी जागा, तीत वायू. आपण वायू वापरला की द्रवातून तितकाच नवा वायू तयार होतो आणि दाब पुन्हा पहिल्यासारखा. यामुळे रेग्युलेटरवरचे टाकीच्या बाजूचे घड्याळ किती माल उरला हे सांगतच नाही. ते सांगते फक्त तापमान. २० अंशांना त्याचा काटा चौरस सेंटिमीटरला सुमारे ५८ किलो दाखवील. टाकी भरलेली असो की पाऊण रिकामी, आकडा तोच. द्रवाचा शेवटचा थेंब उडाला की मग काटा भराभर खाली येतो, आणि दुकानदार म्हणतो, ‘काल तर फुल होती, एका दिवसात संपली!’ एका दिवसात संपलेली नसते. महिनाभर संपत आलेली असते. घड्याळाने ती बातमी दिलेली नसते एवढेच.

आदिलाबादच्या हवेत या गोष्टीला आणखी एक गंमत जोडलेली आहे. तेलंगणातील थंडीचे गाव म्हणून आदिलाबाद प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. उन्हाळ्यात तोच पारा पंचेचाळिसाच्या घरात. पौष अमावास्येच्या सुमारास केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. त्या दिवसांत पहाटे पाच अंशांना टाकीचे घड्याळ जेमतेम चाळीस किलो दाखवते. सोडावाला घाबरतो, टाकी बदलून आणतो, आणि निम्मी भरलेली टाकी परत देऊन येतो. मे महिन्यात याच्या उलट. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, मग दाब कितीही द्या. म्हणजे आदिलाबादच्या उन्हाळ्यात दुपारी टाकीत द्रव नावाची वस्तूच नसते; असतो तो नुसता दाट वायू. पूर्ण भरलेल्या टाकीचे घड्याळ अशा वेळी शंभर किलोंच्या पलीकडे जाते. या दिवसांत वायू वापरला तसा काटा थोडाथोडा उतरू लागतो, आणि हिवाळ्यात स्थिर काटा पाहण्याची सवय झालेला माणूस म्हणतो, ‘गळतेय!’ दोन्ही वेळी घड्याळ खरेच बोलत असते. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

टाकीतला माल मोजण्याचा विश्वसनीय मार्ग एकच, आणि तो वाण्याचा आहे: तोलणे. प्रत्येक टाकीच्या खांद्यावर तिचे रिकामे वजन कोरलेले असते. तोललेल्या वजनातून ते वजा करा, उरला तो वायू.

आता हिशेब. पाण्यात वायू किती मुरतो हे दाबावर अवलंबून असते, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. बारावीच्या पुस्तकात तो आहे. चांगल्या झणझणीत सोड्यात पाण्याच्या आकारमानाच्या चौपट वायू मुरलेला असतो असे धरू. म्हणजे एका लिटरला सुमारे ८ ग्रॅम, आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीला १.६ ग्रॅम. नऊ किलोंच्या टाकीत कागदावर साडेपाच हजारांहून अधिक बाटल्या निघतात. प्रत्यक्षात भरताना बाटलीतली हवा काढावी लागते, काही वायू फुकट जातो, तेव्हा अर्ध्या निघाल्या तरी तक्रार नको. परंतु कोणाच्या टाकीत दीड हजारच निघत असतील, तर उरलेला वायू कोणी प्यायलेला नाही हे उघड आहे.

मामांचे असेच होत होते. त्यांचा सगळा राग टाकी भरून देणाऱ्यावर. ‘कमी भरून देतो लेकाचा,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. एका सुट्टीत मी म्हटले, ‘मामा, आपण भांडण्याआधी टाकी तोलून पाहू.’ शेजारच्या कापसाच्या व्यापाऱ्याकडून पन्नास किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. नवी टाकी आली तशी तोलली. वायू पुरेपूर होता. मामा काही बोलले नाहीत; त्यांनी काट्याकडे पाहिले आणि मग मशीनकडे.

येथे वाचकांनी एक आकडेमोड ध्यानात घ्यावी, कारण गळती किती सूक्ष्म असते याची कल्पना तिच्यावाचून येत नाही. नऊ किलोंची टाकी एका महिन्यात निव्वळ गळून रिकामी व्हायची असेल तर रोज ३०० ग्रॅम वायू जायला हवा. साधारण तापमानाला एक किलो वायूचे सुमारे ५५० लिटर होतात. म्हणजे रोज १६५ लिटर, आणि मिनिटाला ११५ मिलिलिटर, चहाचा एक लहान कप. मिनिटाला एक कपभर वायू एवढ्याशा फटीतून जात असेल तर तो ना दिसतो, ना बाजाराच्या गलक्यात ऐकू येतो. पण रोजचे हे ३०० ग्रॅम म्हणजे सुमारे १९० बाटल्यांचा माल! याच्या उलट, साबणाच्या पाण्यात सेकंदाला एक बारीकसा, तीन मिलिमीटरचा बुडबुडा येत असेल तर दिवसाकाठी जेमतेम दोन ग्रॅम वायू जातो. असला बुडबुडा शोधून सापडला म्हणून ‘गळती सापडली’ असे समजू नये. तो नऊ किलोंच्या टाकीला दहा वर्षे पुरून उरेल. मोठी गळती अजून कोठेतरी बाकी आहे.

गळती शोधायला लोक पहिल्यानेच साबण घेऊन धावतात. माझ्या मते आधी काटा, मग साबण. कारण काट्याने गळती कोणत्या भागात आहे ते कळते, आणि मग साबण लावायची जागा चौथ्या हिश्शावर येते. रीत अशी. पहिल्या रात्री दुकान बंद करताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, रेग्युलेटर काढून, टाकी तोलावी आणि सकाळी पुन्हा तोलावी. वजन उतरले तर टाकीचा स्वतःचा व्हॉल्व्हच गळतो. तो दुरुस्त करण्याच्या भरीस न पडता टाकी परत करावी. नाही उतरले तर दुसऱ्या रात्री रेग्युलेटर बसवून टाकी उघडावी, पण रेग्युलेटरच्या पुढची वाट बंद ठेवावी. सकाळी व्हॉल्व्ह बंद करून, रेग्युलेटर उतरवून तोलावी. सोडताना त्यात अडकलेला थोडासा वायू जातो, तो दोन-चार ग्रॅमचा. आता वजन उतरले असेल तर दोष टाकी-रेग्युलेटरच्या सांध्यात किंवा रेग्युलेटरमध्ये. तिसऱ्या रात्री नळी आणि मशीनसकट सर्व उघडे. तीन रात्रींत चोर कोणत्या खोलीत आहे ते कळते.

आम्ही तीन रात्री जागलो नाही, निवांत झोपलो. काम काटा करीत होता. आणि निकाल चकित करणारा निघाला: तिन्ही सकाळी वजन जवळपास जसेच्या तसे! मामी म्हणाल्या, ‘मग भूत पितं वाटतं.’ पण दिवसाच्या विक्रीचा हिशेब आणि संध्याकाळचे वजन ताडून पाहिले तर घट बाटल्यांच्या मानाने दुप्पट-तिप्पट. रात्री न गळणारा वायू दिवसा का गळतो?

ज्यांनी गोटी सोडा भरण्याचे हातमशीन पाहिले आहे त्यांना उत्तर सुचले असेल. त्या मशीनमध्ये बाटल्या चौकटीत बसवून ती चौकट दांड्याने गरगर फिरवतात, म्हणजे पाणी आणि वायू घुसळले जाऊन मिसळतात. बाटली उलटी झाली की गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येते, आणि वायूचा दाब तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. चौकट फिरती आणि टाकी स्थिर, तेव्हा कोठेतरी एक फिरता सांधा असणारच. मामांच्या मशीनमध्ये वायू कण्यातून आत जातो. त्या सांध्याचे वळसे झिजले होते. चौकट थांबली असताना तो घट्ट बसे. फिरू लागली की प्रत्येक फेऱ्याला एका ठरावीक जागी श्वास सोडल्यासारखा वायू सोडी. मी हळूहळू दांडा फिरवला, मामांनी ब्रशने साबणाचे पाणी लावले, आणि फेस उठला. तेथले पॅकिंग बदलायला जो खर्च आला तो सांगण्यासारखाही नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी टाकीवाल्याला आपण होऊन चहा पाजला. कारण सांगितले नाही.

बिअरच्या पिंपात फिरता भाग नसतो, पण तेथेही गळतीला एक विशिष्ट वेळ असते. त्या पिंपाचे झाकण आतून वर बसते आणि त्याच्या कडेला जाड रबरी कडे असते. आतल्या दाबानेच झाकण वर रेटले जाते आणि कडे दाबले जाऊन घट्ट होते. घरगुती बिअरला थंड स्थितीत दाब लागतो एक किलोच्या आतबाहेर. तेवढ्या दाबाने झाकण कधी कधी नीट बसत नाही. म्हणून पिंप दोन किलोंवर नेऊन पाहावे तर गळती नाही, आणि एक किलोवर ठेवावे तर वायू झिरपतो, असा उलटा प्रकार दिसतो. आधी दाब वाढवून झाकण ‘बसवून’ घ्यावे आणि मग उतरवावे हा त्यावर उपाय. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ साली गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले तेव्हा याच तत्त्वाचा आधार घेतला होता: जो वायू पळू पाहतो त्यालाच दार लावायला सांगायचे. म्हणूनच अर्ध्या दाबाने भरलेली गोटीची बाटली पुऱ्या दाबाच्या बाटलीपेक्षा लवकर उतरते, आणि सोडा पांचट लागतो.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, तिच्याबाबत आपल्याकडचे कारागीर ऐकत नाहीत. टाकी आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यात वायू अडवते ते वायसर, आटे नव्हेत. आट्यांचे काम फक्त वायसर दाबून धरण्याचे. वायसर फाटले, कडक झाले किंवा पडलेच असेल तर आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळा, उपयोग नाही; उलट पट्टीचा तुकडा आत जाऊन रेग्युलेटरच्या तोंडाशी अडकतो. आणि वायसर शाबूत असेल तर पाना हातात घेऊन दोन हातांचा जोर लावण्याची गरज नसते. जास्त आवळल्याने वायसर चिरते. टाकी बदलताना नवे वायसर घालावे, त्याला चहाच्या घोटाइतकाही खर्च येत नाही. नळीच्या टोकाची क्लिप अशीच फसवी. नळी उन्हाने कडक झाली की क्लिपेखाली बारीक चीर पडते. नळी सरळ असताना ती मिटलेली, वाकवली की उघडते. तेव्हा साबण लावताना नळी हलवून, वाकवून पाहावी. चीर दिसल्यास टोकाचे दोन बोटे कापून टाकून पुन्हा बसवावी. रबरी कड्यांना वंगण लागते, पण व्हॅसलिन नको. पेट्रोलियमच्या वंगणाने साधे रबर फुगते. खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकोनचे वंगण मिळते ते वापरावे.

साबणाचे पाणी दाट हवे. भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक भाग आणि पाण्याचे चार-पाच भाग. फेस आधीच काढू नये, नाहीतर कोणता बुडबुडा आपला आणि कोणता वायूचा हे कळत नाही. ब्रशने हलकेच लावून निदान एक मिनिट थांबावे. माणसे येथेच घाई करतात. सुटा भाग असेल तर सायकलच्या पंक्चरवाल्याचा उपाय सर्वांत चांगला: दाब देऊन बादलीत बुडवावा. काम झाल्यावर साबण धुऊन काढावा, आणि अमोनियाचा वास येणारे कोणतेही द्रव पितळी भागांना लावू नये. यामागे एक जुनी गोष्ट आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत. ही तडक ऋतूची म्हणून इंग्रजीत तिला मोसमी तडक अशा अर्थाचे नाव पडले. खरे कारण १९२१ साली उलगडले: तबेल्यातील मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळ घडविताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून धातू चिरतो. आवळलेली पितळी चाकी म्हणजे ताणाखालचे पितळच. तेव्हा गळती शोधण्याच्या साधनानेच पुढची गळती निर्माण व्हायची.

दोन भास मात्र ओळखता आले पाहिजेत. टाकी बंद करून पुढच्या घड्याळाचा काटा उतरतो का पाहणे, ही चाचणी पुष्कळांना ठाऊक असते. पिंपात नुकतेच भरलेले, अजून वायू न मुरलेले पाणी असेल तर ही चाचणी हमखास खोटी ठरते. पाणी स्वतःच वायू पिते आणि काटा उतरतो. सांधे सगळे घट्ट असतात. माझ्या विद्यार्थ्याने याच भासापायी सगळ्या क्लिपा दोनदा बदलल्या होत्या. ही चाचणी रिकाम्या भांड्यावर घ्यावी. दुसरा भास रात्रीचा. संध्याकाळी ३५ अंश आणि पहाटे २५ अंश असेल तर निव्वळ गारव्यामुळे चार किलोंचा काटा ३.८च्या जवळ येतो. सकाळी ऊन तापल्यावर काटा परत चढला तर गळती नव्हे. याच्या उलट प्रकार, म्हणजे कोणी हात न लावता पुढचा काटा हळूहळू वर चढत जाणे, हा मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रेग्युलेटरच्या आतली बैठक वायू अडवीत नाही असा त्याचा अर्थ, आणि असला रेग्युलेटर घरी उघडून न बघता बदलावा. त्यावरची सुरक्षा-झडप खिळ्याने किंवा तारेने बंद केलेली मी पाहिली आहे. असे करणाऱ्याच्या धाडसाला काय म्हणावे कळत नाही.

आता जिवाचा प्रश्न. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम इथिल मरकॅप्टन मिसळतात, म्हणून तो गळला की घरभर घाण सुटते आणि माणूस सावध होतो. सोड्याच्या वायूत असे काही मिसळता येत नाही, कारण तो आपण पितो. आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांना या वायूची ओळख आहे, फक्त नाव ठाऊक नाही. धान्याचे पेव उघडले की लगेच आत उतरू नये, जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहावा, हे नियम याच वायूमुळे पडले. मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकते ते २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री जगाने पाहिले. आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून बाहेर आला, दऱ्यांतून खाली वाहत गेला, आणि सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे गेली. एक प्रकारे ती सोड्याची प्रचंड बाटलीच फुटली होती.

सोड्याच्या दुकानात सरोवर नसते, पण खोली असते. तीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच अशा बंद खोलीत २७ घनमीटर हवा मावते. नऊ किलोंची टाकी त्या खोलीत एका रात्रीत रिकामी झाली तर पाच घनमीटर वायू बाहेर पडतो आणि सकाळी खोलीच्या हवेत त्याचा वाटा सहाव्या भागाच्या आसपास असतो. जमिनीलगत आणखी जास्त. आपल्या नेहमीच्या हवेत तो शेकडा ०.०४ असतो. काम करण्याच्या जागी दिवसभराला शेकडा अर्धा एवढी मर्यादा मानतात. तीन ते पाच टक्क्यांना डोके दुखू लागते आणि श्वास जलद होतो. दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. अशा दुकानात रात्री मुलगा झोपत असेल, आणि आपल्याकडे तो झोपतोच, जमिनीवरच सतरंजी टाकून, तर हा हिशेब मालकाने स्वतः एकदा करून पाहावा. मिनिटाला एका कपाची गळती त्याला मारणार नाही. पण नळी सुटून आली तर हा हिशेब एका रात्रीचाही राहत नाही.

कंदिलाची चाचणी पेवासाठी ठीक आहे असे म्हणतात. मला ती पुरेशी वाटत नाही. कंदील विझतो तेव्हा हवेत प्राणवायू फारच घटलेला असतो. परंतु कार्बन डायऑक्साइड हा नुसता प्राणवायूची जागा अडवणारा नाही, तो स्वतः रक्तात शिरून विषासारखे काम करतो. दिवा नीट जळत असतानाही माणसाचे डोके गरगरू शकते. सोड्याच्या टाकीसाठी काडी पेटवून पाहणे तर दोन्ही बाजूंनी वाईट. वायू सोड्याचा असेल तर काही कळत नाही, आणि शेजारी स्वयंपाकाचा गॅस गळत असेल तर नको ते कळते.

मामांनी आता टाकी दुकानाच्या मागच्या पडवीत, सावलीत ठेवली आहे. भिंतीला साखळीने बांधलेली, उभी. नळी भिंतीतून आत घेतली आहे. रात्री दुकान बंद करताना रेग्युलेटरची चावी नव्हे, टाकीचाच व्हॉल्व्ह बंद करतात. आतल्या खोलीच्या दाराला खालून चार बोटांची फट ठेवली आहे, कारण जड वायू बाहेर जाईल तो खालूनच. वरच्या झरोक्याचा त्याला उपयोग नाही. फ्रिजमध्ये टाकी ठेवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यालाही मी ती बाहेर काढायला सांगितले, कारण बंद फ्रिजमध्ये साचलेला वायू दार उघडताच पहिला तोंडावर येतो. आणि कोणी अशा खोलीत पडलेला दिसला तर धावत आत शिरायचे नाही, हे तर मामांनी दुकानात काम करणाऱ्या दोन्ही मुलांकडून पाठ करून घेतले आहे: आधी दारे-खिडक्या उघडायच्या, ओरडून माणसे जमवायची, बाहेरून टाकी बंद करायची, हवा खेळू द्यायची, आणि मगच त्याला उचलायचे. पेवात एकामागून एक उतरलेल्या भावांच्या गोष्टी आदिलाबादकडे त्या मुलांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे फार समजावून सांगावे लागले नाही.